बोर्डावरच्या तांब्याचा रेझिस्टन्स स्वस्तात कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरला हिंगणा एमआयडीसीच्या अलीकडे आमचं छोटं वर्कशॉप आहे. ई-रिक्षाचे बॅटरी बोर्ड, चार्जर, सोलर पंपाचे कंट्रोलर असली कामं चालतात. फेब्रुवारी उजाडला की प्रोजेक्टवाले पोट्टे येतात, एरवी बुटीबोरीकडचे छोटे कारखानदार फोन करतात. प्रश्न फिरून फिरून तेच: सर्किट बोर्डावर (पीसीबीवर) तारांऐवजी ज्या तांब्याच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक असतात, त्यांचा रेझिस्टन्स किती आणि तो काढायचा कसा. म्हणून एकदाचे लिहून काढले.

ट्रॅक म्हणजे तांबंच ना? त्याचा रेझिस्टन्स तो किती असणार!

थोडाच असतो. पण व्होल्टेज पडायला आपल्याला जेवढी मोकळीक असते, ती कधी कधी त्याहून थोडी असते.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं उदाहरण सांगतो. गाडी कुठे आहे हे कळवणारा ट्रॅकर, त्यात सिम८०० जातीचं, मोबाइल नेटवर्कशी बोलणारं जीएसएम मॉड्यूल आणि एका लिथियम सेलवर सगळा कारभार. मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं आणि त्याला किमान ३.४ व्होल्ट लागतात. बोर्डावर सेलपासून मॉड्यूलपर्यंत अर्ध्या मिलिमीटरचा ट्रॅक ६० मिलिमीटर फिरवलेला, आणि ग्राउंडही तसाच बारीक परत आणलेला. एकेका बाजूला ६० मिलिओहम. २ अँपिअरला जाताना १२० मिलिव्होल्ट पडले, येतानाही तेवढेच. सेलवर ३.७ असले तरी मॉड्यूलच्या पायाशी ३.४६ उरतात. सेल जरा उतरला की मॉड्यूल रिसेट. मग पोरगा आठवडाभर प्रोग्राम तपासत बसतो, अँटेना बदलतो, सिम बदलतो. प्रोग्राम बिचारा बरोबरच असतो.

एकही सॉफ्टवेअर न उघडता अंदाज घेता येतो का?

येतो, आणि तो घेतल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडूच नये असं माझं म्हणणं आहे.

तांब्याची रोधकता २० अंशाला सुमारे १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर. एक औंस तांबं म्हणजे ३५ मायक्रॉन जाडी. या दोन आकड्यांचा भागाकार केला की निघतं ०.४९ मिलिओहम. तोंडी हिशोबाला अर्धा मिलिओहम धरा. हा एका चौरसाचा रेझिस्टन्स. चौरस एक मिलिमीटरचा असो की एक फुटाचा, काही फरक पडत नाही, कारण लांबी वाढते तेवढीच रुंदीही वाढते. २ औंसाला पाव मिलिओहम, अर्ध्या औंसाला एक.

ट्रॅकची लांबी भागिले रुंदी केली की चौरस मोजून झाले. ५० मिलिमीटर लांब, १ मिलिमीटर रुंद म्हणजे ५० चौरस, २५ मिलिओहम. काटकोनी वळणावरचा कोपरा पूर्ण चौरस धरू नका. करंट आतल्या बाजूने आखूड रस्ता काढतो, त्यामुळे तो साधारण ०.५६ चौरस भरतो.

आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात प्रश्नांचं उत्तर एवढ्यावरच मिळतं. लोकांचा यावर विश्वास बसत नाही, कारण रंगीत चित्र दिसत नाही.

किकॅडमध्ये हे सगळं आधीच आहे म्हणतात. खरं का?

बरंचसं आहे. किकॅड म्हणजे बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि त्याच्यासोबतच एक कॅल्क्युलेटर येतो. त्यात ट्रॅकच्या रुंदीचं पान उघडून करंट, लांबी आणि तापमानवाढ भरली की रुंदी, रेझिस्टन्स, व्होल्टेज ड्रॉप आणि वाया जाणारी पॉवर एकत्र मिळते. व्हायाचं, म्हणजे एका थरावरून दुसऱ्या थरावर करंट नेणाऱ्या, आतून तांबं चढवलेल्या भोकाचं, पान वेगळं आहे.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते. ट्रॅक किती तापेल हा एक प्रश्न, व्होल्टेज किती पडेल हा दुसरा. रुंदीचं गणित आयपीसी-२२२१ च्या सूत्रावर चालतं आणि ते तापण्यापुरतं आहे. ट्रॅक थंडगार राहूनही लांबीमुळे नको तेवढा ड्रॉप देऊ शकतो. वरचा जीएसएमचा ट्रॅक कधीच गरम लागला नसता.

रोधकतेच्या रकान्यात आधीच भरलेला आकडा गार तांब्याचा असतो. बोर्ड ७० अंशाला चालणार असेल तर तिथं २.०६ × १०⁻⁸ भरा. रकाना बदलता येतो हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

किकॅडच्या प्लगिनांच्या यादीत पॅरासिटिक्स नावाचं एक प्लगिन आहे. दोन पॅड निवडले की मधल्या ट्रॅकचा रेझिस्टन्स सांगतं. साध्या ट्रॅकला छान. रुंद कॉपर पोअर (ट्रॅकऐवजी मोकळ्या जागेत पसरवलेलं तांबं) आला की त्याचा आकडा डोळे मिटून घेऊ नका.

विंडोजवर आणखी काही हलकं-फुलकं?

सॅटर्न पीसीबी टूलकिट. फुकट आहे. दिसायला जुनाट, पण ट्रॅक, व्हाया, फ्यूज होण्याचा करंट, सगळं एका खिडकीत मिळतं. आमच्या जुन्या पीसीवर कायम उघडं असतं.

भाऊ, मोठ्या सॉफ्टवेअरची क्रॅक कॉपी मिळते. ती टाकू का?

नका टाकू. कायद्याचा भाग आहेच. पण ज्या मशीनवर गिऱ्हाईकाची डिझाइनं ठेवलीत, त्यात कुणाची तरी अनोळखी फाइल ॲडमिन हक्कांनी चालवायची, आणि तीही ज्या कामाला फुकटची साधनं पुरतात त्या कामासाठी?

ट्रॅक ठीक, पण वेड्यावाकड्या आकाराच्या पोअरमध्ये चौरस कसे मोजायचे?

आता खरी मजा. यासाठी माझं आवडतं साधन म्हणजे स्प्रेडशीट. लिबरऑफिस कॅल्क असो की एक्सेल.

शीटचा एक सेल म्हणजे तांब्याचा एक छोटा चौरस. शेजारच्या सेलपर्यंत एका चौरसाएवढा रेझिस्टन्स आहे असं समजा. किरचॉफचा नियम (जेवढा करंट आत, तेवढाच बाहेर) लावला तर प्रत्येक सेलचं व्होल्टेज हे त्याच्या चार शेजाऱ्यांच्या व्होल्टेजची सरासरी निघतं. सेलमध्ये एवढंच सूत्र लिहायचं: वरचा, खालचा, डावा, उजवा यांचं ॲव्हरेज. ज्या जागी तांबं नाही तो सेल कोरा सोडायचा. ॲव्हरेज फंक्शन कोरे सेल मोजतच नाही, त्यामुळे काठावरच्या सेलला आपोआप तीनच शेजारी मिळतात आणि काठाबाहेर करंट जात नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

करंट जिथून शिरतो त्या सेलांमध्ये १ लिहा, जिथून बाहेर पडतो तिथं ०. सूत्रं एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे शीट कुरकुरतं. सेटिंगमध्ये जाऊन इटरेशन (तेच गणित पुन्हा पुन्हा करणं) चालू करा, पायऱ्या १००० करा, किमान फरक ०.०००००१ वर आणा. मूळचा ०.००१ तसाच ठेवला तर शीट अर्ध्यावर थांबतं आणि उत्तर चुकतं. चूक आहे हे दिसतही नाही. कॅल्कने एरर ५२३ दाखवला तर गणित अजून जुळलेलं नाही असा अर्थ. आकार लहान करा किंवा फरक थोडा सैल करा. एक्सेलमध्ये एफ-९ दाबत राहिलं की आकडे हळूहळू स्थिरावतात.

शेवटी १ आणि ० यांच्या मधून पोअरच्या आरपार एक रेघ कल्पा. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारी सेलांमधल्या फरकांची बेरीज करा. १ ला त्या बेरजेने भागलं की पोअर एकूण किती चौरसांचा आहे ते मिळतं. गुणिले अर्धा मिलिओहम.

वेडावाकडा आकार घेण्याआधी सरळ पट्टीवर करून बघा. १० सेल रुंद, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत ३० पायऱ्या. उत्तर बरोब्बर ३ चौरस आलं पाहिजे. आलं नाही तर सूत्र चुकलंय किंवा इटरेशन कमी पडलंय. मग मधोमध स्क्रूचं भोक म्हणून काही सेल पुसा आणि चौरस किती वाढतात ते बघा. कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग चढवले की लाखोंच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो तसाच नकाशा तुमच्यासमोर.

म्हणजे अरुंद जागाच शोधायच्या?

मुख्यतः हो. आमच्या एका ४८ व्होल्टच्या बॅटरी बोर्डावर दोन स्क्रूच्या भोकांमध्ये पोअर ६ मिलिमीटरवर आला होता, १२ मिलिमीटर लांबीपर्यंत. बाकी सगळीकडे ऐसपैस तांबं. डिझाइन नियमांची तपासणी अर्थात पास. तिला अशा गळ्याशी, म्हणजे अरुंद जागेशी, काही देणंघेणं नसतं. २ चौरस, १ मिलिओहम, ३० अँपिअरला ०.९ वॅट. ऐकायला किरकोळ, पण नखाएवढ्या जागेत. बोर्ड परत आला तेव्हा त्या गळ्यावरचा हिरवा मास्क (तांब्यावरचा लेप) चहाच्या रंगाचा झाला होता. चूक माझीच होती. भोकं नंतर सरकवली आणि पोअर पुन्हा तपासला नाही.

दुसरी अरुंद जागा डोळ्यांना दिसतच नाही: व्हायाभोवतीची. एका बारीक व्हायातून करंट मोठ्या प्लेनमध्ये (थरभर पसरलेल्या तांब्यात) पसरतो तेव्हा रेझिस्टन्स लॉगरिदमच्या हिशोबाने वाढतो. व्हायाच्या त्रिज्येच्या दहापट अंतरापर्यंत जेवढा ड्रॉप होतो, तेवढाच पुढच्या दहापटीत. ०.१५ मिलिमीटर त्रिज्येपासून १५ मिलिमीटरपर्यंत एकूण ०.३७ मिलिओहमच्या आसपास, आणि त्यातला अर्धा पहिल्या दीड मिलिमीटरातच. प्लेन आणखी रुंद करून हाती काही लागत नाही, व्हाया वाढवा.

एका व्हायाचा रेझिस्टन्स किती धरायचा?

०.३ मिलिमीटरचं ड्रिल, १.६ मिलिमीटरचा बोर्ड, भोकाच्या आत २५ मायक्रॉन तांब्याचं प्लेटिंग: सव्वा मिलिओहमच्या जवळपास. प्लेटिंग २० मायक्रॉनच असेल तर दीडकडे जातो. चार व्हाया लावले म्हणून बरोब्बर चौथाई होईलच असं नाही; करंटच्या वाटेवर जो सगळ्यात आधी येतो तो जास्त भार उचलतो.

एलटीस्पाइस किंवा एनजीस्पाइस यात कुठं बसतं?

ही सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायची सॉफ्टवेअर. त्यांना बोर्डाचा आकार कळत नाही, फक्त आकडे कळतात. किकॅडच्या आतच एनजीस्पाइस आहे, एलटीस्पाइस वेगळं पण तेही फुकट. चौरस मोजून काढलेले मिलिओहम सर्किटमध्ये रेझिस्टर म्हणून टाका, मग त्या ड्रॉपने रेग्युलेटरचं, मोटरचं, जीएसएमचं काय होतं ते बघा. ग्राउंडच्या वाटेतही रेझिस्टर टाकायला विसरू नका. सगळी ग्राउंडं एकाच बिंदूला जोडून टाकायची सवय कागदावर शोभते.

स्प्रेडशीटच्या पुढची पायरी कोणती?

एका थरासाठी एफईएमएम. फुकट, विंडोजवर चालतं, लिनक्सवर वाइनमधून. मुळात चुंबकीय कामासाठी प्रसिद्ध, पण त्यात करंट फ्लोचा वेगळा प्रकार आहे. किकॅडमधून तांब्याचा थर डीएक्सएफ (रेघांच्या चित्राची फाइल) म्हणून काढा, तिथं उघडा, खोली ०.०३५ मिलिमीटर द्या, वाहकता ५८ मेगासीमेन्स प्रति मीटर, दोन काठांना व्होल्टेज द्या. डीएक्सएफमधल्या तुटक्या रेघा जोडण्यात अर्धा दिवस जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

अनेक थर आणि व्हाया एकत्र हवे असतील तर एल्मर (गणित सोडवणारं) आणि जीमेश (आकाराचे बारीक तुकडे, म्हणजे मेश, पाडणारं). फिनलंडमध्ये वाढलेलं एल्मर खुलं आणि ताकदवान आहे. पण १०० मिलिमीटरच्या बोर्डावर ३५ मायक्रॉनचा पापुद्रा मेश करायचा म्हणजे तुकड्यांची संख्या बघताबघता फुगते. शिकायला वेळ द्यावा लागतो.

पायथन येत असेल तर मी मधला रस्ता सुचवेन. तांब्याच्या थराचं चित्र काढा, काळ्या-पांढऱ्या पिक्सेलांना ग्रिड समजा, आणि स्प्रेडशीटचंच गणित सायपायच्या स्पार्स सॉल्व्हरने सोडवा. १०० बाय ८० मिलिमीटरच्या बोर्डाला ०.२ मिलिमीटरचं ग्रिड लावलं तर २ लाख बिंदू होतात. साधा लॅपटॉप ते काही सेकंदांत उरकतो. प्रोग्राम शंभरेक ओळींच्या आत बसतो.

स्विचिंग सप्लायला हे चालेल?

अशा सप्लायमध्ये करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो; त्याच्या सरासरी भागाला चालेल. १०० किलोहर्ट्झला तांब्यात स्किन डेप्थ (पृष्ठभागापासून ज्या खोलीपर्यंत करंट मुख्यतः वाहतो ती) सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे ३५ मायक्रॉनच्या थराच्या जाडीत काही बिघडत नाही. मात्र परतीचा करंट जाणाऱ्या ट्रॅकच्या खाली गोळा होतो, रुंदीभर सारखा राहत नाही. तिथं फास्टहेन्री लागतं. एमआयटीतून आलेलं, फुकट, रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स (करंट बदलताना होणारा विरोध) दोन्ही देणारं. आणि तिथं बहुतेक वेळा दुखणं इंडक्टन्सचं असतं.

नागपूरच्या उन्हाळ्याचा यात किती हिशोब धरायचा?

तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. नवतपात बाहेर ४५ च्या वर पारा, ई-रिक्षाच्या सीटखाली बंद डबा, त्यात स्वतःची उष्णता. ७० अंश सहज गाठतो. २० वरून ७० म्हणजे जवळपास २० टक्के वाढ. एसीत बसून काढलेल्या आकड्याला १.२ ने गुणा, मग ठरवा.

ही वाढ कुठं चावते त्याची एक गोष्ट. करंट मोजायला १ मिलिओहमचा शंट, म्हणजे नेमक्या आकड्याचा छोटा रेझिस्टर, लावला होता. मोजणीच्या दोन बारीक तारा शंटच्या पॅडच्या आतल्या कडेवरून काढायच्या असतात. आमच्या पोराने एक तार पोअरमधून काढली, अर्धा चौरस लांबून. अर्धा चौरस म्हणजे पाव मिलिओहम. शंट एकाचा, मोजतोय सव्वा. पहिल्याच चाचणीत २५ टक्के जास्त दाखवलं. त्याने सॉफ्टवेअरमध्ये गुणक बदलून आकडा जुळवला आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा हिवाळा होता.

मे महिन्यात गिऱ्हाईक म्हणू लागला, सकाळी करंट बरोबर दाखवते, दुपारी जास्त. शंट चांगल्या मिश्रधातूचा, तो जागचा हलत नव्हता. पण ते पाव मिलिओहम तांबं होतं. २५ अंशावरून ७५ वर गेलं की ते ०.३० होतं, एकूण १.२५ चं १.३०. ३० अँपिअरचे ३१.२ दिसतात. दिवसभर त्या करंटची बेरीज करून बॅटरी किती उरली ते सांगायचं, म्हणजे संध्याकाळी काटा रिकाम्यावर आणि बॅटरीत जीव शिल्लक. ती चूक स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत दिसली असती.

उत्तर बरोबर आलं की नाही, हे कसं ताडायचं?

मोजून. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मात्र मोजू नका. प्रोबच्या तारांचाच रेझिस्टन्स तुमच्या ट्रॅकच्या कितीतरी पट असतो.

बेंच सप्लायवर करंट १ अँपिअरला बांधा आणि क्लिपांनी ट्रॅकच्या दोन टोकांतून सोडा. मग मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट रेंजवर घेऊन प्रोब क्लिपांच्या आतल्या बाजूला थेट तांब्यावर टेकवा. क्लिपेवर टेकवलात तर क्लिपेचाच रेझिस्टन्स मोजाल. जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिओहम. करंट उलटा करून पुन्हा मोजा, चिन्ह सोडून दोन्हींची सरासरी घ्या, म्हणजे सांध्यांवर उष्णतेने तयार होणारे चिमूटभर व्होल्ट वजा होतात. २-३ मिलिओहमचा पोअर असेल तर मीटरचा शेवटचा अंक नाचतो; ५ अँपिअर सोडा, पण पटकन वाचा. तांबं १० अंशाने तापलं की आकडा ४ टक्के सरकलाच.

आम्ही बोर्डाच्या कडेला १ मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब पट्टी ठेवतो. हिशोबाने ५० मिलिओहम. समजा ३० अंशाच्या खोलीत ५८ आले, तर तापमानाची वजावट करून तांबं ३१ मायक्रॉनच्या आसपास निघतं. एक औंस मागवलं म्हणजे ३५ मायक्रॉनच येतं असं नाही. बाहेरच्या थरावर पुष्कळदा पातळ फॉइलवर प्लेटिंग करून जाडी गाठतात, आणि त्यात १०-२० टक्के इकडेतिकडे होतं. सिम्युलेशनने दिलेले दशांशानंतरचे चार अंक या एका पट्टीपुढे फिके पडतात.

कॉम्प्युटर कसला लागेल?

आहे तो. एल्मरला मेमरी जास्त लागते, बाकी सगळं ८ जीबीत होतं.

ड्रॉप जास्त निघाला. बोर्ड तर छापून आलेत. आता?

मास्क खरवडून ट्रॅकवर सोल्डर चढवतात, सीताबर्डीत दुरुस्तीला बसणारेही हेच करतात. उपयोग होतो, पण वाटतो तेवढा नाही. टिन-शिशाच्या सोल्डरची रोधकता तांब्याच्या साधारण साडेआठपट. ३५ मायक्रॉन तांब्याची बरोबरी करायला ०.३ मिलिमीटर जाड सोल्डर लागतं, तेव्हा कुठं रेझिस्टन्स निम्मा होतो.

त्यापेक्षा घरच्या वायरिंगमधली दीड एमएमची (दीड चौरस मिलिमीटर छेदाची) वायर सोलून ट्रॅकवर आडवी टाका आणि जागोजागी सोल्डर करा. १० मिलिमीटर रुंद, एक औंसाच्या ट्रॅकचा छेद भरतो ०.३५ चौरस मिलिमीटर. वायर एकटीच त्याच्या चौपट. दिसायला ओबडधोबड, पण चालू आहे. पुढच्या खेपेला २ औंस मागवा किंवा दुसऱ्या थरावरही पोअर द्या.

मग पैसे देऊन सॉफ्टवेअर कधी घ्यायचं?

सिग्रिटी, एसआयवेव्ह, हायपरलिंक्स यांचं काम वेगळ्या गल्लीतलं आहे. ०.८ व्होल्टवर ५० अँपिअर पिणारा प्रोसेसर, बारा-सोळा थर, शेकडो व्हाया, आणि मोकळीक फार तर २०-३० मिलिव्होल्टची. तिथं हाताने ग्रिड काढत बसणं परवडत नाही. तुमच्याकडे दोन थरांचा बोर्ड, १२ किंवा ४८ व्होल्ट आणि एक मल्टिमीटर असेल, तर त्या पैशात चांगला बेंच सप्लाय आणि थर्मल कॅमेरा घ्या. कॅमेरा घ्यायचाच असेल तर मे महिन्याच्या आधी घ्या, नंतर आमच्याकडचा मागायला येऊ नका. त्या दिवसांत तो रिकामा नसतो.